आधी कान कोरडा, मग पडदा

मागच्या वेळी आपण गटातल्या अंतर्गत कर्जाबद्दल बोललो होतो. आज तो विषय थोडा बाजूला ठेवू. अगदी सुटणार नाही, शेवटी पैशापाशी येणारच आहोत. पण आज बोलायचंय ते लहान मुलांच्या फुटलेल्या कानाबद्दल.

पेठ, सुरगाणा, दिंडोरी या भागात आम्ही गटांच्या बैठकांना फिरतो. बैठक कुणाच्या ओट्यावर नाहीतर अंगणवाडीत असते. आया मुलं घेऊन येतात. त्यात एखाद्या मुलाच्या कानात कापसाचा बोळा दिसतोच. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही ताई, कान फुटलाय. मोठी झाली की आपोआप राहील." हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की आम्हालाही ते खरंच वाटायला लागलं होतं. आज ज्या मुलीची गोष्ट सांगणार आहोत तिच्या आईनेही आम्हाला हेच सांगितलं होतं आणि आम्ही मान डोलावून वही उघडली होती. ती चूक आमची. तिथूनच सुरुवात करू.

आधी कान म्हणजे काय ते बघू. बाहेरून दिसतो तो कान म्हणजे नुसता दरवाजा. आत बोळासारखी नळी जाते आणि तिच्या टोकाला पडदा असतो. आकार करंगळीच्या नखाएवढा, उंची साधारण 1 सेंटीमीटर, जाडी मिलीमीटरचा दहावा भाग. एवढा पातळ असूनही त्याला तीन थर असतात. आवाज आला की तो थरथरतो. त्याच्या मागे तीन हाडं साखळीसारखी एकमेकांना लागलेली असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे आपल्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम 3 मिलीमीटरचं. पडद्याची थरथर या साखळीतून आतल्या कानात पोचते. पडदा मोठा आणि रिकिबीचा तळ लहान, साधारण 17 पट फरक. नरसाळ्यात वरून तेल पसरून पडतं आणि खाली बारीक धार जोरात निघते, तसं पडद्यावर पसरून आलेल्या आवाजाचं बळ रिकिबीच्या तळावर एकवटतं. पडद्याला भोक पडलं म्हणजे नरसाळंच फुटलं. आवाज येतो, पण बळ वाया जातं.

भोक पडतं कसं? बहुतेक वेळा सर्दीतून. नाकाच्या मागच्या बाजूपासून कानाच्या आतल्या पोकळीपर्यंत एक नळी जाते. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो तेव्हा ती उघडते आणि आत हवा जाते. घाट चढताना कानाला दडे बसतात आणि गिळलं की सुटतात, ते हिच्यामुळेच. मोठ्या माणसात ही नळी तिरकी उतरती असते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे नाकातली घाण सहज कानाकडे जाते. आत पू साठतो, मूल रात्रभर रडतं, ताप येतो आणि सकाळी उशीवर पिवळा डाग दिसतो. पोराचं रडणं थांबलेलं असतं. आई म्हणते, "फुटला एकदाचा, बरं झालं." दुखणं थांबलं हे खरं, कारण पडदा फाटून पू बाहेर आला. असा पडदा बऱ्याचदा काही दिवसांत, आठवड्यांत आपोआप मिटतो. पण उपचार झाला नाही, सर्दी पुन्हा पुन्हा होत राहिली, कानात पाणी जात राहिलं, तर भोकाच्या कडा जुन्या होतात आणि मग ते मिटत नाही. आपल्या आशाताईंच्या प्रशिक्षणात एक सोपी खूण शिकवतात: कान 14 दिवसांपेक्षा जास्त वाहत असेल तर ते जुनं दुखणं समजायचं.

आणखी एक कारण आहे. ते घरात बोलायला कुणाला आवडत नाही. कानशिलात मारणं. जोरात चापट बसली की नळीतली हवा दाबली जाते आणि पडदा टरकन फाटतो. घरात नवरा मारतो, शाळेत कुणी मारतं, कधी आपलाच हात उठतो. असा फाटलेला पडदा बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप भरून येतो. त्यासाठी कानात काहीही घालायचं नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही आणि डॉक्टरला दाखवून ठेवायचं. मारलं हे लपवण्यासाठी कान लपवू नका.

आता त्या मुलीकडे येतो. तिचं नाव सांगत नाही, छोटी म्हणू. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. तिसरीत होती. शाळेत तिला मठ्ठ म्हणायचे. श्रुतलेखनात "सात"ला "आत" लिहायची, "फळ"ला "वळ". मागच्या रांगेत बसायची आणि वर्गात काय चाललंय ते शेजारणीच्या पाटीवर बघायची. घरी मात्र आई ओरडून बोलायची आणि ती धावत यायची. मग बहिरी कशी म्हणणार?

मैत्रिणींनो, खरी मेख इथेच आहे. पडद्याला भोक पडलेलं मूल ठार बहिरं नसतं. आपण समोरासमोर बोलतो तो आवाज साधारण 60 डेसिबलचा असतो आणि कुजबुज 30च्या आसपास. मोठं भोक असेल तर 40 डेसिबलपर्यंत ऐकू येणं कमी होऊ शकतं. म्हणजे आईची हाक ऐकू येते, पण फळ्याकडे तोंड करून बाई बोलल्या तर शब्दाचं अर्धं अंग गळून पडतं. स, फ, त अशी हलकी अक्षरं आधी जातात. मूल उरलेल्या अर्ध्यावरून अंदाज करतं. अंदाज चुकला की लोक हसतात, मग ते बोलणंच कमी करतं. आणि हे सगळं नेमकं शिकायच्या वयात.

घरच्या घरी बघायचं असेल तर मुलाच्या पाठीमागे दोन हातांवर उभं राहा, एक कान त्याला बोटाने बंद करायला सांगा आणि हळू आवाजात घरातल्या वस्तूंची नावं घ्या. ते तुम्हाला परत म्हणायला सांगा. मग दुसरा कान. ही काही डॉक्टरी तपासणी नव्हे, पण एका कानाला आणि दुसऱ्या कानाला फरक आहे का ते कळतं. आम्ही छोटीला असंच विचारलं. उजव्या कानाने पाचही शब्द सांगितले. डावीकडे फक्त "कोयता".

तिच्याकडे चिठ्ठी होती! हे आम्हाला नंतर कळलं. शाळेत वर्षातून एकदा तपासणीची गाडी येते, तुम्ही पाहिली असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक. हा कार्यक्रम देशात सुरू झाला तो आपल्याच राज्यातून, फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला. पथकात डॉक्टर असतात, नर्सताई असतात, औषधं बघणारे असतात. अंगणवाडीत ते वर्षातून दोनदा येतात, शाळेत एकदा. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात, त्यात कान वाहणं आणि कमी ऐकू येणं दोन्ही आहे. दोष सापडला तर पुढे पाठवायची चिठ्ठी देतात आणि पुढचे उपचार, ऑपरेशनसुद्धा, मोफत असतात. छोटीला अशी चिठ्ठी सप्टेंबरात मिळाली होती. आईने ती पत्र्याच्या पेटीत रेशन कार्डाबरोबर नीट ठेवली. मग भात कापणी झाली, दिवाळी झाली आणि सगळं घर द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेलं. परत आले तेव्हा मार्च संपत आला होता. चिठ्ठी पेटीतच. पेठ-सुरगाण्याकडची किती घरं अशी हंगामाला जातात ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. कान मात्र हंगाम बघत नाही.

त्या दोन वर्षांत कानात काय काय गेलं त्याचीही यादी झाली. लसणाचं गरम तेल. कसल्याशा पाल्याचा रस. यात्रेत कान साफ करणाऱ्याची तार. एका ठिकाणी डॉक्टरनेही आत न बघताच थेंबाची बाटली दिली. तेलाबद्दल आम्ही भांडायला तयार आहोत. आजी प्रेमाने घालते, आम्हाला ठाऊक आहे. पण पडदा धड असेल तर तेल नळीत थांबतं, पडद्याला भोक असेल तर ते सरळ आतल्या पोकळीत उतरतं. तिथे ओल राहते, जंतू वाढतात आणि कान पुन्हा वाहायला लागतो. गरम असेल तर भाजतं ते वेगळंच. थेंबांचंही तसंच. काही जुने थेंब भोकातून आत जाऊन ऐकण्याच्या नसेला इजा करू शकतात. म्हणून कोणते थेंब घालायचे ते कानात दिव्याने बघितल्यावरच डॉक्टर सांगू शकतात. शेजारणीच्या मुलाची उरलेली बाटली वापरू नका.

जून उजाडला, शाळा सुरू झाली आणि आम्ही छोटीला आणि तिच्या आईला घेऊन नाशिकला गेलो. नाशिकला त्र्यंबक रोडवर जिल्हा रुग्णालय आहे, तिथे कान-नाक-घसा विभाग आहे. आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आणि घोटीजवळ धामणगावला एसएमबीटी आहे, तिथेही हा विभाग आहे. तुम्हाला जे जवळ पडेल ते बघा. डॉक्टरीणबाईंनी कान पुसून आत बघितलं, ऐकण्याची तपासणी करून घेतली. मुलीच्या कानाला फोन लावून बंद खोलीत बसवतात, बारीक आवाज आला की बोट वर करायचं. छोटीला तो खेळच वाटला. डाव्या पडद्याच्या मधोमध मोठं भोक. ऑपरेशन करता येईल, पण आज नाही. "आधी कान कोरडा करून आणा," त्या म्हणाल्या. आईला वाटलं हाकलून दिलं. परत येताना गाडीत एक शब्द बोलली नाही.

पण ते हाकलणं नव्हतं. ओल्या कानात ऑपरेशन केलं तर लावलेला तुकडा टिकण्याची शक्यता कमी होते. कोरडा म्हणजे एखादा दिवस नव्हे, काही आठवडे, जमलं तर दोन-तीन महिने सलग कोरडा. ऑपरेशन दीड-दोन तासांचं, ते डॉक्टर करतात. त्याआधीचे तीन महिने आईने, आजीने, घराने करायचे असतात.

एका प्रकारात मात्र वाट बघायची नाही, ते आधी सांगतो. कानातून येणारा पू थोडा पण सडका वास मारणारा असेल, त्यात रक्त असेल, तर पडद्याच्या कडेने कातडी आत वाढून तिचा गोळा झालेला असू शकतो. तो गोळा आजूबाजूचं हाड खातो. हाडाच्या पलीकडे मेंदू आहे. अशा कानाचं ऑपरेशन वेगळं आणि मोठं असतं, त्यात कानामागच्या हाडातली घाण काढावी लागते. तिथे पहिला हेतू जीव सांभाळण्याचा, ऐकू येण्याचा नंतर. कानामागे दुखरी सूज आली, तोंड एका बाजूला वाकडं झालं, चक्कर येते, ताप येऊन मान ताठली, खूप डोकं दुखून उलट्या होतात, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. 108ची गाडी बोलवा. बैठक असली तरी बैठक सोडा.

छोटीचा कान तसा नव्हता. मग कोरडा कसा करायचा? वात वळून. देवाची वात वळता येते ना, मग हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं जमेल. फक्त कापसाची वळायची नाही, त्याचे धागे आत राहतात. धुऊन उन्हात वाळवलेलं मऊ सुती कापड घ्या, त्याची टोकदार वात करा. कान हलक्या हाताने वर आणि मागे ओढा, वात अलगद आत ठेवा, ओली झाली की काढा, दुसरी घाला. वात कोरडी बाहेर येईपर्यंत. दिवसातून तीन वेळा तरी. त्यानंतर डॉक्टरने सांगितलेले थेंब, सांगितले असतील तर. कानात काडी नाही, पिन नाही, बोळा घालून दिवसभर ठेवायचा नाही. आंघोळीच्या वेळी मात्र कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कानाच्या तोंडाशी ठेवायचा आणि आंघोळ झाली की काढून टाकायचा. नदीत, कालव्यात, विहिरीत डुबकी बंद.

पेठचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे अंथरूणसुद्धा कोरडं राहत नाही, कान कसा राहणार? सर्दी झाली की कान वाहिला. ऑक्टोबरात कुठे तो थांबला. दिवाळीच्या सुट्टीत तारीख मिळाली. आणि तारखेच्या आठ दिवस आधी छोटीला जरा ठणका लागला म्हणून आजीने लसणाचं तेल घातलं. कान पुन्हा ओला. तारीख गेली. घरात मोठं भांडण झालं, सून-सासू दोघीही रडल्या. आम्ही आजींजवळ बसलो. त्या म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं होतं का?" खरंच, कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही सगळं आईला सांगितलं आणि दिवसभर पोरगी असते आजीपाशी. तेव्हापासून आम्ही वात वळायला आजींनाच बसवतो. त्या पोरीच्या वाती पुढे आजींनीच वळल्या, आणि फार सुबक.

नवी तारीख फेब्रुवारीची आली. ऐन द्राक्षाच्या खुड्यात.

मुकादमाकडून उचल घेतलेली होती. आई गेली नाही तर उचल अंगावर राहणार, आणि गटाचा हप्ता वेगळा. आईने तर ठरवूनच टाकलं होतं की पुढच्या वर्षी बघू. शिवाय कुणीतरी सांगितलं होतं की कानामागे कापलं की व्रण राहतो, उद्या पोरीच्या लग्नाला अडचण. यावर गटातली एक बाई फटकन म्हणाली, "आणि ऐकू न येणारी सून कोण करून घेतो गं?" आम्हाला ते बोलणं तितकंसं रुचलं नाही. पोरगी शिकावी, तिला रस्त्यावरची गाडी ऐकू यावी, हे लग्नापेक्षा आधीचं आहे. पण त्या वाक्याने काम झालं हेही खरं. व्रणाचं म्हणाल तर तो कानाच्या मागच्या घडीत जातो, केसांत दिसतही नाही. गटाने दोन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलले, जाण्यायेण्याला आणि राहण्याला अंतर्गत कर्ज दिलं. त्याच टोळीतल्या तिघींनी मुकादमाला सांगितलं की हिचं काम आम्ही भरून काढू. वडील हंगामाला गेले, आई नाशिकला आली.

ऑपरेशनला पैसे लागले नाहीत. मुलांच्या तपासणीतून पाठवलेलं असेल तर सोय होते, आणि त्याशिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ही 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, 2017 पासून महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि कानाची ऑपरेशनं त्यात येतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आधी त्याच्याकडे जा. रेशन कार्ड, आई-वडिलांचं आणि मुलाचं आधार न्या. मुलाचं आधार नसेल तर जन्माचा दाखला न्या. योजनेचा मोफत फोन 155388. भरती व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही.

आता आत काय करतात ते सांगतो, कारण आयांना भीती त्याचीच असते. तुमचा हात कानाच्या वर, कानशिलावर ठेवा आणि दात दाबा. काहीतरी हललं ना? तो चावायचा स्नायू. त्याच्यावर पांढरी पातळ झिल्ली असते. कानामागे छोटा छेद घेऊन त्या झिल्लीचा एक तुकडा काढतात. तो काढल्याने चावायला काही अडचण होत नाही. कधी कानाच्या पुढच्या कुर्चेचा तुकडाही वापरतात. मग मोठं करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून, किंवा आता दुर्बिणीतून, भोकाच्या जुन्या कडा हलक्याने खरवडून ताज्या करतात. द्राक्षाचं कलम करणाऱ्या बाईला हे लगेच समजेल, काप ताजा नसेल तर कलम जगत नाही. तो तुकडा पडद्याच्या खालून सरकवतात आणि विरघळणाऱ्या स्पंजाचा आधार देतात. पडद्याला टाका घालत नाहीत, एवढ्या पातळ वस्तूला टाका बसणार कुठे? तो तुकडा म्हणजे मांडव. वेल जशी मांडवावर पसरते तशी पोरीची स्वतःची कातडी काही आठवड्यांत त्या तुकड्यावर पसरते आणि भोक बुजतं. लहान मुलांना पूर्ण भूल देतात, म्हणून आदल्या रात्रीनंतर किती वाजेपर्यंत खायचं-प्यायचं ते सांगतात. ते तंतोतंत पाळायचं. मूल रडलं म्हणून लपवून बिस्कीट द्यायचं नाही, भुलेत उलटी होऊन ते छातीत जाऊ शकतं.

ही युक्ती माणसाला सुचायला वेळ लागला. 1640 मध्ये मार्कुस बान्झर नावाच्या जर्मन वैद्याने एका नळीला डुकराच्या मूत्राशयाची कातडी लावून ती कानात बसवली होती. बिचाऱ्याने प्रयत्न तरी केला. आजची पद्धत रुळली ती 1950 नंतर, जर्मनीतल्याच वुल्श्टाइन आणि त्सोल्नर या दोन डॉक्टरांमुळे.

कितव्या वर्षी करायचं, हे प्रत्येक आई विचारते. बरेच डॉक्टर सात-आठ वर्षांपर्यंत थांबतात, कारण तोवर मुलाच्या सर्द्या कमी होतात आणि ती नाकाकडची नळी सुधारते. काही आधीही करतात, खास करून दोन्ही कान गेले असतील तर. नाकामागे गाठ वाढलेली असेल, मूल तोंड उघडं टाकून घोरत झोपत असेल, तर कधी आधी त्याचा इलाज करतात. म्हणून "अजून लहान आहे" हे डॉक्टरने तपासून म्हणावं, आपण घरी म्हणू नये. थांबायचं असेल तरी कोरडं ठेवून थांबायचं.

ऑपरेशननंतर डोक्याभोवती मोठी पट्टी असते, ती लवकर निघते, टाके आठवड्याभरात. आतला स्पंज असेपर्यंत ऐकू आधीपेक्षा कमी येतं. छोटीची आई घाबरून गेली होती, होतं नव्हतं तेही गेलं म्हणून. तसं नसतं, थांबावं लागतं. कानाची पाळी काही महिने बधिर वाटते. काहींना जिभेच्या एका बाजूला चव बदललेली वाटते, कारण चवीची एक नस पडद्याला लागूनच जाते. ते बहुतेक हळूहळू जातं. नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. पाण्याची कळशी उचलायला लावायची नाही. कानात पाणी नाही, डॉक्टर सांगतील तोवर. डोक्यावरून न्हाऊ घालायची घाई करू नका, केसांत उवा झाल्या तरी चालतील.

हे ऑपरेशन दरवेळी यशस्वी होतं असं मात्र नाही. दहातल्या आठ-नऊ जणांचा पडदा जुळतो, लहान मुलांत थोडं कमी. शेजारच्या गावातल्या एका मुलाचा जुळला नाही, ऑपरेशननंतर महिन्याभरात त्याला जोराची सर्दी झाली होती. त्याचं पुन्हा करायचंय. क्वचित ऐकू कमी होणं, चेहऱ्याच्या नसेला इजा असंही होऊ शकतं. सही करण्याआधी हे डॉक्टरला विचारा. विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे.

आणि भोक पडूच नये म्हणून? बाळाला आडवं निजवून बाटलीने पाजू नका, डोकं उंच धरून पाजा. चुलीच्या धुरात तान्हं बाळ ठेवू नका. 2021 पासून आपल्या राज्यात न्यूमोनियाविरुद्धची पीसीव्ही लस सगळ्या बाळांना मोफत मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. त्याच जंतूने कानही पिकतो. लसीचं कार्ड बघून घ्या.

आमच्या गटांच्या वहीत आता एक नवा रकाना आहे. बचत, कर्ज, हप्ता आणि त्याच्यापुढे "चिठ्ठी". कुणाच्या घरी तपासणीची चिठ्ठी आली, ती कुठे गेली, तारीख कधीची. हंगामाला निघायच्या आधीच्या बैठकीत हा रकाना मोठ्याने वाचतो. मागच्या वेळी त्यात चार नावं होती, दोन कानाची, एक हृदयाचं, एक डोळ्याचं. दोन अजून जायची आहेत.

छोटीची तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. भोक बुजलंय. ऐकू येणं सुधारलंय, उजव्या कानाइतकं अजून नाही. बाईंनी तिला पहिल्या रांगेत बसवलंय. परवा तिच्या घरी गेलो तर ती आईवर चिडली होती, म्हणाली भांडी घासताना एवढा आवाज का करतेस. आई आमच्याकडे बघून हसली आणि भांडी हळू ठेवायला लागली.